लारिसाने कोट काढला नाही

डॉफिन, मॅनिटोबा
गुरुवार, ९ मे

प्रिय ओरेस्ट,

बरा आहेस ना? गुडघा काय म्हणतोय? इकडे नदीवरचा बर्फ गेला आणि अंगणात नुसता चिखल झालाय. माझं ठीक चाललंय. लारिसाचंही ठीक आहे, असं लिहायला घेतलं होतं, पण ते राहू दे.

आज हॉकीचा सातवा सामना. हरलो तर यंदाचं सगळं संपलं. सकाळी दुकानात दुसरा विषय नव्हता, प्रत्येकाच्या अंगात संघाचा शर्ट. गेल्या शनिवारी माझ्याकडे टीव्हीवर बघताना आपल्या खेळाडूला बाहेर बसवलं तेव्हा तू पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास. मीही काही मागे नव्हते. आणि लगेच पुढच्या मिनिटाला आपल्या पोराने त्यांच्या पोराला काठीने आडवं पाडलं, पंचाने बघितलं नाही, तेव्हा आपण दोघंही गप्प!

लारिसा म्हणते, "आई, बातम्यांचंही असंच असतं. शिट्टी आपल्याविरुद्ध वाजली की पंच विकला गेलेला."

हल्ली मी दोन्ही वाहिन्या बघते. तुझ्या त्या उमेदवाराची हॉकीच्या रिंकवर सभा झाली ना, तर एकीने भरलेल्या रांगा दाखवल्या, दुसरीने रिकाम्या. सभा एकच. मी तर तिथे होते, निम्मी माणसं होती. कोणावर विश्वास ठेवायचा कळत नाही, असं मी शेजारच्या हॅलीनाला म्हणाले. ती म्हणाली, "तुझी मुलगीच बातम्या देते, आणि तूच असं म्हणतेस?" हसून म्हणाली, पण मला ते लागलं. पूर्वी दुकानात मला लोक "लारिसाची आई" म्हणून हाक मारायचे. आता तेच म्हणतात आणि नजर दुसरीकडे वळवतात.

त्या बातमीमुळेच हे सगळं. तुला ती माहीत आहे. इथल्या इस्पितळाचा रात्रीचा तातडीचा विभाग बंद करायच्या कागदावर सही कोणाची होती, एवढंच तिने दाखवलं. भाषण केलं नाही, टोमणा मारला नाही, कागद दाखवला. तुझा तो उमेदवार मारुस्याच्या अंत्यविधीला आला होता, तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता, हे मी विसरलेले नाही. इथला विभाग बंद, म्हणून तुझी बायको अँब्युलन्समध्ये पुढच्या गावाच्या वाटेवरच गेली. तुझ्या पाठीशी उभा राहिलेला तो एकच पुढारी, आणि सही त्याचीच निघाली. तुझं काय झालं असेल, ते मला समजतं. म्हणूनच पुढचं लिहायला हात धजत नाही.

बातमीनंतर लारिसाला फोनवर शिव्यांचे निरोप येऊ लागले. त्याची तिला सवय आहे. मग एक निरोप वेगळा आला आणि ती स्वतःचं घर सोडून माझ्याकडे राहायला आली. मला म्हणाली, "तिकडे हीटर बिघडलाय." मे महिन्यात हीटर! मी विचारलं नाही. पण तेव्हापासून या घरात आम्ही पडदे उघडत नाही. रस्त्यावर गाडी हळू झाली की आम्ही दोघी बोलता बोलता थांबतो. सकाळी तिच्याआधी मी बाहेर जाते, तिची गाडी मीच सुरू करते. या वयात. का करते ते मला नीट सांगता येणार नाही. काही व्हायचं असेल तर माझं होवो, एवढंच डोक्यात असतं.

मंगळवारी पोलीस कॉन्स्टेबल आला, तरुण आहे, भला आहे. लारिसा कामावर होती. तिच्या ऑफिसने तक्रार केली होती, म्हणून त्याने तो निरोप मला ऐकवला. "तुझी गाडी मी ओळखतो. कुठल्या रस्त्याने घरी जातेस तेही माहीत आहे. त्या रस्त्यावर फक्त हरणंच आडवी येतात असं समजू नकोस."

आवाज जाड केलेला, तोंडावर काहीतरी धरलेलं. कॉन्स्टेबल म्हणाला, "ओळखीचा वाटतो का, बाई?"

मी म्हणाले, "चहा घेणार?"

ओरेस्ट, तू अकरा वर्षांचा होतास तेव्हा तळ्यावर हॉकी खेळताना पक तोंडावर बसून तुझा पुढचा दात गेला. बाबांनी बसवून आणलेला दात कधी नीट बसलाच नाही. तेव्हापासून "स" म्हणताना तुझ्या तोंडून बारीक शीळ निघते. आई गेल्यावर तिच्यासाठी प्रार्थना म्हटलीस तेव्हाही निघाली. मंगळवारी ती "समजू नकोस" मध्ये स्पष्ट ऐकू आली. दोनदा.

कॉन्स्टेबल गेल्यावर मी बाथरूमचं दार लावून बसले. तू मला अंगाखांद्यावर खेळवणारा भाऊ. आणि मी दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासत होते, तुझ्या भीतीने. तुझ्याकडे माझ्या घराची किल्ली आहे, तुझ्या भिंतीवर शिकारीच्या बंदुका आहेत, हे सगळं एकदम आठवलं. काल कुलूप बदलून घेतलं.

आज सकाळी लारिसाला सांगायचं ठरवलं. ती उभ्या उभ्या कॉफी पीत होती. मी म्हणाले, "तो आवाज..."

ती म्हणाली, "मामाचा आहे. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं."

शनिवारी तू आलास तेव्हाही तिला माहीत होतं. आठवतं का, ती पूर्ण सामनाभर कोट घालून मागच्या दाराजवळ बसली होती. मी सगळ्यांदेखत रागावले, "पाहुण्यासारखी काय बसतेस? कोट काढ, मामाला आणखी पेरोगी वाढ." तिने वाढले. तू म्हणालास, "कशी आहेस पोरी?" ती म्हणाली, "मजेत." कोटाच्या खिशात गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरलेली होती, असं आज म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाहीस? आवाज कोणाचा ते पोलिसांना का नाहीस?"

"तू किती खूश होतीस, आई. मामी गेल्यापासून तो पहिल्यांदा हसत होता."

चारला आम्ही दोघी पोलिसांकडे जाणार आहोत. तुला फोन करून आधी सांगावं असं दहा वेळा मनात आलं. केला नाही. तू काय करशील याची भीती वाटते. आमचं काय करशील, आणि त्याहून जास्त, स्वतःचं काय करशील. म्हणून हे पोस्टाने. तुझ्या हाती पडेल तोवर ते तुझ्याकडे येऊन गेलेले असतील.

शुक्रवार

काल पत्र टाकायला जमलं नाही. बरंच झालं.

जबाब दिला. तुझं नाव मी सांगितलं, उरलेलं लारिसाने सांगितलं, बातमी सांगते तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. "ते माझे सख्खे मामा आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी वारली." हेही लिहून घ्यायला लावलं तिने. कॉन्स्टेबल म्हणाला, याची गरज नाही. ती म्हणाली, "आहे. अर्धं सांगितलं तर ते खोटं होईल."

आज सकाळी त्याचा फोन आला. तू स्वतःच दार उघडलंस, बंदुका काढून दिल्यास, भांडला नाहीस. तू जिवंत आहेस एवढंच आधी कळलं, बाकीचं नंतर. तू त्यांना म्हणालास म्हणे, "मला तिला फक्त घाबरवायचं होतं."

घाबरलो रे आम्ही. ते तुला नीट जमलं. लारिसा अजून गाडीकडे जाताना मागे वळून बघते, आणि आता तिथे कोणी नाही हे दोघींना माहीत असूनही मी खिडकीतून बघत राहते. हे कधी जाईल मला माहीत नाही. तुझ्या माफी मागण्याने जाईल असं वाटत नाही. तरी माग. माझी नको, तिची.

सामन्याचं काय झालं ते मी कोणाला विचारलेलं नाही.

या शनिवारी येऊ नकोस. पुढे कधी यावंसं वाटलं तर लारिसाला विचारून ये. ती नाही म्हणाली तर नाही. मी मध्ये पडणार नाही. जेवत जा, औषध चुकवू नकोस.

तुझी बहीणच,
ओलेस्या