रिकव्हरीखालची सही

१४ जून १९९३
शाळा सुरू. पाचवी ते दहावी सगळं इंग्रजी याही वर्षी माझ्याच गळ्यात.
संध्याकाळी हवालदार बाबर शिकवणीला. खात्याची परीक्षा, इंग्रजीचा पेपर आडवा येतो. लाल वहीत शब्द उतरवून आणतो: अ‍ॅब्स्काँडिंग, मोटिव्ह, लास्ट सीन. अर्थ पाठ आहेत, वाक्यात घालता येत नाहीत. मी फी घेत नाही. हिला साप चावला तेव्हा ठाण्याची जीप काढून त्यानेच सातारा गाठला होता. ही आज घरात हिंडते आहे ती त्याच्यामुळे.

२ ऑगस्ट
गिरणीवाल्याचा खून. गिरणीतच, कुऱ्हाडीचे घाव. त्याच्याकडे कामाला असलेल्या शंकरला उचललं. आदल्या दिवशी दोघांची बाचाबाची झाली होती म्हणे. मुलांचं लक्ष नव्हतं, माझंही.

६ ऑगस्ट
दुपारी बाबर शाळेत. पंच म्हणून चला, सरकारी माणूस पाहिजे. ठाण्यात गेलो. कुऱ्हाड आधीच टेबलावर, पोत्यात गुंडाळलेली. पंचनामाही तयार. आरोपीने पंचांसमक्ष ओढ्याकाठच्या करंजाखालून काढून दिली, वगैरे. म्हटलं, ओढ्यावर जायचं ना? "कशाला चिखलात येताय सर. आमी जाऊन आलोय." चहा आला. टपरीवाल्याची सही झाली होती, तोच दुसरा पंच. मी केली. सगळीकडे असंच चालतं म्हणतात. शंकर भिंतीशी उकिडवा बसलेला. मान वर केली नाही.
हिला सांगितलं नाही.

११ ऑगस्ट
साहेबांना इंग्रजीत रिपोर्ट द्यायचा होता. 'आरोपीने दाखवल्यावरून' कसं लिहू, बाबरने विचारलं. सांगितलं: अ‍ॅट द इन्स्टन्स ऑफ द अक्यूज्ड. तीनदा गिरवलं त्याने. वाक्य बिनचूक. बरं वाटलं मला, नाही कशाला म्हणू.

९ मे १९९४
बाबर पास! इंग्रजीत काठावर, पण पास. बढती, बदली सांगलीला. पेढे घेऊन आला, पाया पडला. लाल वही मात्र सोडवत नाही त्याला.

२० जाने. १९९५
शंकरची बायको हौसा दारात. हातात केसचे कागद. शंकर अजून आत, जामीन नाही. कागद इंग्रजीत असतील म्हणून माझ्याकडं आली, असं मी धरून चाललो. मराठीच होते सगळे, मध्ये मध्ये तेवढे इंग्रजी शब्द.
"आवं सर, रिकव्हरी म्हंजे काय? वकील म्हणत्यात सगळी केस त्याच्यावर हाय."
सांगितलं. हत्यार सापडणं, जप्त होणं. तोंडाने नीट सांगितलं, वर्गात सांगतो तसं.
मग म्हणाली, "खाली तुमची सही हाय म्हनं. तुमी व्हता का तितं?"
पाणी आणतो म्हणून आत गेलो. बाहेर आलो तर गेली होती.

३ फेब्रु.
समन्स आलं. सातारा, सेशन कोर्ट, १६ तारीख. टपरीवाला मागच्या साली वारला. म्हणजे पंच मी एकटाच.

९ फेब्रु.
हिला सगळं सांगितलं. दीड वर्षाने. पोळी लाटत ऐकत होती. म्हटलं, बाबरची नोकरी जाईल, तुझा जीव त्याने वाचवलाय. लाटणं ठेवलं.
"माझ्या जिवाच्या बदल्यात तिच्या नवऱ्याचा देऊ नका. मला तसलं जगणं न्हाई पचायचं."
पुन्हा लाटायला लागली.

१३ फेब्रु.
बाबर सांगलीहून आला. वाळलाय. म्हणतो, शंकरनं कुऱ्हाड स्वतः दाखवली, मी डोळ्यानं बघितलं, करंजाखालून मीच उकरली. "तुमी नव्हता एवढंच. बाकी एक शब्द खोटा न्हाई सर."
खरंही असेल. शंकरने केलंच नाही असं कुठं माहीत आहे मला? मी खरं बोललो तर खुनी सुटेल कदाचित. गप्प राहिलो तर निर्दोष माणूस जन्मभर आत. दोन्हीतलं काय, ते कळण्यासाठीच तर पंच असतो. आणि मी चहा पीत होतो.
जाताना म्हणाला, कागदावर हाय तेवढंच बोला. होस्टाइल झालात तर मी संपलो. होस्टाइल. साक्ष फिरवणारा, त्याच्या वहीत अर्थ मीच लिहून दिलाय.

१५ फेब्रु.
९३ ची वही काढली. ६ ऑगस्टचं पान. 'कुऱ्हाड आधीच टेबलावर.' वाटलं होतं काहीतरी गोलमाल लिहिलं असेल. नाही. स्वतःशी खरं लिहायला काय जातंय. पान फाडायला धरलं, फाडलं नाही. आजचा मजकूर त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितोय.

१६ फेब्रु. सातारा, कोर्टाचा व्हरांडा
सकाळच्या एसटीने आलो. ही म्हणाली, डबा नको, लवकर या.
शंकरला आणलं. बेड्या. दाढी पांढरी झालीये. या वेळी माझ्याकडं पाहिलं. नमस्कार केला, दोन्ही हात बांधलेले तसेच वर करून. हौसा खांबाशी बसली आहे, माझ्याकडं बघत नाही.
बाबर शेजारी. गणवेश कडक इस्त्रीचा. मघाशी म्हणाला, सर, आत पिशवी, वही काय न्हेऊ देत न्हाईत. द्या, मी सांभाळतो. हात पुढं केलाय. त्याला ठाऊक नाही ही ९३ ची वही आहे. का ठाऊक आहे?
नेऊ देत असतील आत. विचारलं तर कळेल. शिपायाला विचारायचं फक्त.
लिहितोय तोवर त्याला थांबावं लागेल. हात तसाच आहे.
नाव पुकारलं.