डावा पीळ

प्रिय सुदर्शन,

पत्र्याची पेटी, पाणी साचू नये म्हणून तिचं उतरतं झाकण, खालची चाकं, आतल्या तांब्याच्या पट्ट्या, सगळं मी या हातांनी केलं. बांधकामाच्या साइटवर वीज वाटून देणारे असे डीबी हडपसरमध्ये पुष्कळजण बनवतात. स्क्रूवर बायकोच्या नेलपेंटचा ठिपका देणारा मी एकटाच. पेटी कुणी उघडली की ठिपका फुटतो. तू हसायचास, ‘दादा, पेटीला नटवतोस काय?’

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. तुमच्या साइटवर शॉक लागलेली चंपाबाई शुद्धीवर आली. उजव्या हाताची बोटं अजून हलत नाहीत. मी दवाखान्यात गेलो तर तिची सासू, वेणूबाई, म्हणाली, ‘तुमचीच ना ती पेटी? नाव तर मोठं रंगवलंय.’ नाव माझंच आहे.

हिंजवडीच्या साइटवरून तुझ्या साहेबांनी पेटी माझ्याकडे आणून टाकली. ठिपके फुटलेले. शॉक लागताच वीज तोडणारा ईएलसीबी आत धडधाकट. फक्त त्याला वळसा घालून वायर जोडलेली. स्लॅबचा दिवस असणार. काँक्रीट दाबून बसवायचा व्हायब्रेटर लावला की वीज जायची, माल घट्ट होत चाललेला, साहेब डोक्यावर ओरडत. पण ईएलसीबी बिघडला नव्हता रे. व्हायब्रेटरची केबल सोललेली होती, आणि तेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मग त्याचंच तोंड बंद केलं. पुढे ती केबल उचलायला चंपाबाई गेली.

वायरीचा पीळ डावीकडे आहे. टोक दुमडून आत दाबलंय, कुणाच्या बोटाला टोचू नये म्हणून. तसं दुमडायला मी एकाच डावखुऱ्या माणसाला शिकवलं.

साहेब आज परत आले. चहाला शिवले नाहीत. वायर काढायची, ठिपके नवे द्यायचे आणि पेटीला कुणी हात लावला नव्हता, बाईनेच ओल्या हाताने घोळ केला, असं लिहून द्यायचं. ‘भावाचीही नोकरी राहील,’ म्हणाले. सोमवारी विद्युत निरीक्षक येतील. पेटी आली तशीच ठेवली आहे. पीळ कुणाचा असं त्यांनी विचारलं, तर मला खोटं बोलता येणार नाही. त्याआधी तू स्वतः जा. कुणी करायला लावलं तेही सांग. मी शेजारी उभा राहीन. साहेबांना नाही म्हणून सांगितलंय. त्यांच्या सगळ्या साइटच्या पेट्यांचं काम देत होते, वर रोख आठ लाख.

तुझाच,
दादा