‘प्रूव्हज’ की ‘सजेस्ट्स’

४ ऑगस्ट
बुटीबोरीला कामावर जाताना कंपनीच्या बसमध्ये रिपोर्ट परत वाचला. सूतगिरणीच्या लॅबमध्ये इतकी वर्षं नुसते आकडे भरले, इंग्रजीत निष्कर्ष लिहायची ही पहिलीच वेळ. सात नंबरच्या मशीनवर धागा सगळ्यात जास्त तुटतो. तिथं कल्पना, नवीन लागलेली. लिहून टाकलं, ‘डेटा प्रूव्हज’, आकड्यांनी सिद्धच होतं, ब्रेकेज ऑपरेटरमुळेच. भारी वाटलं वाचताना.

५ ऑगस्ट
सुनंदाताईंना दाखवला. मोठी नणंद, सदर भागातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवतात. वाटलं, स्पेलिंग बघतील. पहिल्याच ओळीवर पेन थांबला.
"‘प्रूव्हज’ काहून लिहिलं वं? त्या मशीनवर दुसऱ्या कोणाले ठेवून पाहिलं?"
"नाही."
"मग आकडे कारण कुठं सांगून राहिले? ‘सजेस्ट्स’ लिही, नुसता इशारा देतात. ‘ड्यू टू’ काढ, ‘मुळेच’ नको."
राग आला थोडा. मग आठवलं, कल्पना अजून प्रोबेशनवर आहे. माझ्या एका शब्दानं तिची नोकरी...

६ ऑगस्ट
‘प्रूव्हज’चं ‘सजेस्ट्स’ केलं, ‘ड्यू टू’चं ‘मे बी असोसिएटेड विथ’, म्हणजे संबंध असू शकतो. मॅनेजरसाहेब म्हणे, "मॅडम, ‘मे’ म्हणजे तुम्हालेच माहीत नाही का?"
"नाही माहीत सर. दहा दिवस कल्पनाला दुसरं मशीन द्या, मग सांगते."
बोलून टाकलं एकदाचं. साहेब हो म्हणाले! घरी येईस्तोवर बसमध्ये एकटीच हसत होते.

१८ ऑगस्ट
दहा दिवस झाले. सातवर जुनी, अनुभवी बाई होती, तरी धागा तुटतच राहिला. कल्पनाचं नवीन मशीन छान चाललं.
साहेब आता उलटे. "लिहा, प्रूव्ह झालं, मशीनच खराब!"
परत ‘सजेस्ट्स’च लिहिलं, दोष मशीनमध्ये असावा एवढंच. दहाच दिवस, त्यात हवा दमट, धाग्यावर तिचाही परिणाम होतो. मेकॅनिकनं अजून मशीन उघडूनही पाहिलं नाही. साहेब वैतागून हसले, सही केली. रिपोर्ट हेड ऑफिसला. कल्पनाला ठेवायचं का, तेच ठरवतील.

२१ ऑगस्ट
हेड ऑफिसचं उत्तर नाही. जेवणाच्या सुट्टीत कल्पना डबा घेऊन लॅबच्या दारात. "मॅडम, माह्याबद्दल इंग्रजीत काय लिहिलं?"
वाचून दाखवलं, शब्द न् शब्द मराठीत. पहिल्या खर्ड्यात तिलाच दोष दिला होता, तेही सांगितलं.
ती म्हणाली, "म्हणजे अजून पक्कं नाही काही?"
"नाही."
"बरं हाय. खरं तं सांगितलं तुम्ही." माझ्या डब्यात मिरचीचा ठेचा वाढला अन् शेजारी बसली जेवायला.