सीतारामचे हिरवे आलू

माघ, गुरुवार, दिवेलागण

आज सीतारामच्या वावरात खणणी झाली अन् निम्मे आलू हिरवे निघाले. मी बांधावर उभा राहून बघितलं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

लागवडीनंतर कृषी खात्याच्या ताई चंद्रपूरहून माझ्या वावरात प्रात्यक्षिक दाखवायला आल्या होत्या. झाडाला माती का चढवायची, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आई लेकरावर पदर ओढते ना, तसं. आलूला ऊन लागू नये म्हणून. शाळेतल्या कवितांची सवय, दुसरं काय. तर सीताराम सगळ्यांपुढे म्हणाला, "का गा कवी, आलूले पदर घालून राह्यला, आता बांगड्या बी भर." सारे हसले. चौथीत मी कविता म्हणायला उभा राहिलो, तेव्हाही पहिला हाच हसला होता.

त्यानं माती चढवलीच नाही. महिन्यामागे त्याच्या सरीत एक आलू उघडा पडलेला दिसला. नुसता एक शब्द सांगायचा होता. मी नाही सांगितला.

आज तो बारीक आवाजात म्हणाला, "खाता येत नाई म्हणते ताई. उद्या नाल्यात सोडतो."

हिरवा आलू बियाण्याला चालतो, हेही ताईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तो हसत होता, मी ऐकत होतो. पुढच्या साली लावायला त्याच्याजवळ दुसरं बियाणं नाही.

तो उघडा आलू सारखा डोळ्यांपुढे का येतो? येऊ दे. उद्या नाल्यावर जाईन. त्यानं शेवटची टोपली पाण्यात उपडी केली, की सांगीन.