फुप्फुसावरची लाल चौकट

सोम., ३ फेब्रु. हुमनाबाद.
हैदराबादच्या कंपनीचा माणूस सॉफ्टवेअर टाकून गेला. छातीचा एक्स-रे काढला की एआय तो वाचतं आणि संशय असेल तिथं लाल चौकट काढून देतं. दोन आठवडे फुकट, मग वर्षाचे पैसे एकदम.
इरण्णा नाराज. सेंटर उघडलं तेव्हापासून फोटो तोच काढतो. "म्याडम, फोटो मी काढायचा, बघायचं तुमी. मधी ह्ये कोन?"
पण गुलबर्ग्याचे रेडिओलॉजिस्ट सर या महिन्यापासून आमच्या फिल्म वाचणार नाहीत. डोळे थकले म्हणाले. मी साधी एम.बी.बी.एस. अवघड फिल्म आली की त्यांना पाठवायची, असं इतकी वर्षं चाललं. आता एकटीनंच...

मंगळ., ४
ठीक चाललंय. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरची जुनी मोडलेली बरगडी दाखवली एआयनं. मला आधीच दिसली होती. तरी बरं वाटलं, शेजारी कुणीतरी बसलंय असं.

गुरु., ६
बिदरकडच्या मेहकरची गोदावरी मावशी आली, लेक अश्विनीला घेऊन. माझ्याच गावची, आमच्याच गल्लीतली. अश्विनीचा खोकला जाईना. तिचं लग्न ठरलंय, उदगीरकडचं स्थळ. मुलाचा मामा इथं हुमनाबादलाच असतो, तोच त्यांना गाडीतून घेऊन आला.
फिल्म मला साफ वाटली. मग चौकट आली. उजवीकडं, वर. टीबीची शक्यता जास्त.
परत बघितलं तर दिसायला लागलं. मला खरंच दिसतंय का त्यानं दाखवलं म्हणून दिसतंय, कळेना.
मामा माझ्या पाठीमागंच उभा. स्क्रीन वळवायला पाहिजे होती. नाही वळवली.
"लाल कामून आलंय म्याडम?"
म्हटलं, खात्री करायचीय, आधी थुंकी तपासू. पण त्याचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये. नंबर शोधत होता.

शनि., ८
थुंकीचा रिपोर्ट सरकारी दवाखान्यातून आला नाही. उदगीरचा निरोप मात्र पोचला. लग्नाची तारीख पुढं ढकलू म्हणतात.
मावशीचा फोन. "आपल्या गावची हाईस म्हनून तुज्याकडं आनलं गं पोरीला." फोन ठेवला नाही. मीही नाही ठेवला.


रवि., ९
सेंटर बंद. सकाळी एकटीच जाऊन बसले. चौकट बंद केली आणि अश्विनीची फिल्म मोठी करून बघितली. कितीदा ते आठवत नाही.
ती सावली गळ्याच्या हाडावरून वर जाते, पार मानेपर्यंत. तिथं कुठलं फुप्फुस? आणि कडेला बारीक रेघा, पीळ घातल्यासारख्या.
वेणी!
जाड वेणी खांद्यावर पडलेली, तिचीच सावली. इरण्णाला फोन लावला. बायकांचे केस वर बांधूनच फोटो काढतो तो, पण त्या दिवशी गर्दी होती, आठवेना त्याला. त्याचं चुकलं, माझं चुकलं, मशीनचं तर चुकलंच. आणि भोगायलीय ती पोरगी.

सोम., १०
अश्विनीला बोलावून परत फोटो काढला, केस वर बांधून. साफ. चौकट आली नाही. दुपारी थुंकीचा रि. पण आला, निगेटिव्ह. खोकला तुरीच्या भुशानं. घरी मळणीची रास चालली होती म्हणे, तोंडाला नुसता पदर बांधून काम केलं. औषध दिलं.
मावशीच्या डोळ्यांत पाणी, आवाज मात्र कडक. "आता त्या मामाला कोन सांगनार? तुजी मशीन?"
मी जाते म्हटलं.

मंगळ., ११
मामाचं हायवेला टायरचं दुकान. दोन्ही फिल्म त्याच्या टेबलावर ठेवल्या, वेणी दाखवली. शांतपणे ऐकलं त्यानं. चहा मागवला.
"म्याडम, परवा मशीन हाय म्हनलं, आज न्हाई म्हनायलंय. उद्या परत हाय म्हनलं तर?"
म्हटलं, मशीनचं सोडा, मी सांगायलेय. थुंकीचा रिपोर्ट सांगतोय.
"तुमी तर मशीनचंच ऐकलात न्हवं."
उदगीरला कळवतो म्हणाला तेवढं.
संध्याकाळी अश्विनीचा फोन. "अक्का, ते लोक व्हय म्हनायलेत परत. आई लई खूश हाय."
आणि तू?
"मी इचार करायलेय. चार दिस झाले, बरी हाईस का म्हनून त्या पोरानं एक फोन केला न्हाई."


गुरु., १३
नकोच हे, असं ठरलं. इरण्णाला सकाळी सांगितलं, आजचं काम संपलं की काढून टाक. त्याचा चेहरा खुलला.
दुपारी धाब्यावाले शिवाप्पा आले. हर्नियाचं ऑपरेशन आहे, त्याआधीचा छातीचा फोटो. माणूस धट्टाकट्टा, हसतमुख. फिल्म साफ. नॉर्मल लिहायला घेतलं आणि चौकट. हृदयाच्या मागं.
परत वेणी, असंच मनात आलं. शिवाप्पांना तर डोक्यावर केसच नाहीत.
काही दिसेना. उजेड कमीजास्त केला, तरी दिसेना. बाहेर ते इरण्णाशी कानडीत गप्पा मारत बसलेले. जाऊ द्यावं? एका पोरीचं घर नुकतंच हलवलं मी. पण जाऊ दिलं आणि...
बाजूनं एक फोटो काढायला लावला. मणक्याच्या पुढं गोल काहीतरी. लहान. आता दिसलं, स्वच्छ दिसलं.
इरण्णा खुर्चीमागं उभा राहून बघत होता. त्यानंही बघितलं.
शिवाप्पांना आत घेतलं, स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. म्हटलं, गाठ असेल, नसेलही, बिदरला सीटी स्कॅन करून घ्या, ऑपरेशन थांबवा.
त्यांनी विचारलं, "ह्ये तुमाला दिसलं का मशीनला?"
खोटं बोलता आलं असतं.
"आधी मशीनला."
"बरं केलात सांगितलात," म्हणाले. उठताना खुर्चीचा हात घट्ट धरला.

शनि., १५
गुलबर्ग्याच्या सरांना शिवाप्पांचा पहिला फोटो पाठवला, काही न सांगता. उत्तर आलं: नॉर्मल. मग बाजूचा पाठवला. लगेच फोन. सर म्हणाले, "मीही सोडून दिलं असतं गं." आवाज खाली गेला होता त्यांचा.
सीटी काल झालं. रि. उद्या-परवा.

सोम., १७
सॉफ्टवेअर अजून काढलेलं नाही; फुकटची मुदत आज संपते. कंपनीच्या माणसाचे सकाळपासून फोन. "मॅडम, रिन्यू करून टाकू ना?"
इरण्णाला विचारलं, काय करू? शर्टाच्या बाहीनं चष्म्याच्या काचा पुसत राहिला. "अश्विनीला इचारा म्हनलो असतो. आता शिवाप्पालाही इचारा म्हनतो."
चार वाजता शिवाप्पांच्या मुलीचा फोन आला. बिदरहून रिपोर्ट मिळालाय, पाकीट फोडलेलं नाही, अप्पा म्हणतात म्याडमच फोडतील. दोघं वाटेत आहेत.
बाहेर गाडी थांबली वाटतं.