एकदा पडलेलं हेल्मेट

९ जानेवारी, शुक्रवार
संदूला आज आयसीयूतून वॉर्डात आणलं. गाडीवरून पडून सहा दिवस झाले. उजवा हात अजून उचलत नाही. डोक्याला डावीकडं लागलं तर उजवा हात कसा, असं विचारलं, तर डॉक्टर म्हणले असंच असतं. मला बघितलं, ओळखलं. तोंड हलवत राहिला बराच वेळ. तिसऱ्या खेपेला 'अक्का' निघालं. मी रडले नाही, आईच रडली.

मग आई शेजारच्या खाटेवरल्या बाईला सांगायला लागली, "ही माझी थोरली. हिनं भाऊबीजेला हेल्मेट दिलतं भावाला. त्यानंच वाचवलं माझं लेकरू. नाय तर गेलाच होता." बाईनं माझ्याकडं बघून हात जोडले.

मी बाटली घेऊन पाणी आणायला गेले. बाटली भरलेलीच होती.

११ जाने.
घरी आले दोन तासांसाठी. चार ब्लाऊज अडलेत, लग्नाचे. मशीनवर बसले. समोर खिळ्याला संदूचं हेल्मेट.

हे त्याचं स्वतःचं. साधं, करडं, काचेवर ओरखडासुद्धा नाही. भाऊबीजेपासून माझ्याकडंच पडलंय. मी त्यात रिळं ठेवते. लाल, आबोली, मोरपंखी. आज पिवळं रीळ पाहिजे होतं तर हात आत घालवेना. पांढऱ्या धाग्यानंच शिवलं, उसवायला लागेल परत.

तो म्हणला होता, "अक्का, माझं चांगलंय की." लासूर स्टेशनहून वाळूजच्या कंपनीत रोज गाडीवर जातो, दोन वर्षं तेच घालत होता. मी म्हणले, "तुझं ठेव इथं. ह्याला पूजा झालीय, ह्यानं तुझ्या दाजींना वाचवलंय, तुला पण वाचवल." तरी कुरकुरला. मग मी ठेवणीतलं काढलं. "मोठ्या बहिणीचं एवढं पण ऐकू नाय का रे?" ऐकलं त्यानं. लहानपणापासून ऐकतो गाढव.

ओवाळलं, हेल्मेट मीच डोक्यावर चढवलं, पट्टा मीच लावला. ह्यांनी फोटो काढला. फोटो बघायचा नाही असं ठरवलंय.

१२ जाने.
राउंडला नवीन डॉक्टर, पोरगेलेसे. फाईल चाळून म्हणाले, "हेल्मेट घातलं होतं ना? पट्टा लावलेला?" अर्चना म्हणली, हो, लावल्याशिवाय निघतच नाहीत. (माझी भावजय. नऊ दिवसांत निम्मी झालीय.) डॉक्टर म्हणाले, "मग एवढा मार बसायला नको होता. खडीवर घसरून पडलेत, समोरून धडक नाही काही." परत विचारलं, "हेल्मेट कसलं होतं?"

अर्चना म्हणली, "चांगलं होतं हो, भारीतलं. ह्या अक्कांनी दिलतं."

डॉक्टरनी माझ्याकडं बघितलं. मी खाली सलाईनच्या नळीकडं बघितलं. पुढच्या खाटेवर गेले ते.

१४ जाने. संक्रांत
कुणाला तिळगूळ दिला नाही. आज खरं लिहिते. लिहून काय होतंय माहीत नाही, पण पोटात ठेवून जेवण जाईना.

गेल्या श्रावणात हे पैठण रोडला पडले. कुत्रं आडवं आलं. डोक्यावर आपटले, उठून बसले, खांद्याला खरचटलं, बाकी काही नाही. सगळे म्हणले हेल्मेटनं वाचवलं, आणि खरंच वाचवलं. काच फुटली होती. ह्यांनी गाडी विकली, आता बसनं जातात. हेल्मेट राहिलं. मला टाकवेना. आपल्यात जीव वाचवणारी वस्तू टाकत नसतात. दसऱ्याला शिलाई मशीन, कात्री, टेप मांडले तसं तेपण मांडलं पाटावर. हळदकुंकू, झेंडूचा हार.

त्याआधी काच बदलायला उस्मानपुऱ्यातल्या हेल्मेटवाल्या चाचांकडं नेलतं. त्यांनी उलटं केलं, आत बोटं फिरवली, म्हणले, "ताई, ये गिरा हुआ है ना? काच डाल देतूं, मगर इसको पहनो नक्को. एक बार मार खा लिया, इसका काम हो गया." मला वाटलं, दुकानदार, नवीन खपवायला बघतोय. म्हणले, "तुमी काच टाका फक्त." टाकली त्यांनी.

घरी आणून आतलं कापड काढलं धुवायला, ह्यांचा घाम होता. आत थर्माकोल असतंय. डावीकडं ते दबलेलं होतं, अंगठा बसेल एवढा खड्डा. वर बारीक चीर. मी बघितलं. डोळ्यानं बघितलं, बोटानं चाचपलं. आणि काय केलं? ब्लाऊजचा कप घेतला, पॅडेडचा असतो तो, खड्ड्यात बसवला, वरून कापड ताणून टीप मारली. इतकं साफ बसलं की मलाच कौतुक वाटलं. ह्यांना दाखवलं पण. म्हणले, वा, नव्यासारखं केलंस.

चीर दिसली ती झाकली. मापात चूक आली की आम्ही हेच करतो. एक टीप आत घ्यायची, वरून इस्त्री. गिऱ्हाईकाला कळत नाही.

संदूला डावीकडंच लागलंय.

२० जाने.
डिस्चार्ज. लासूरला नेलं. पायावर चालतो, उजवा हात गळ्यात. शब्द सापडत नाहीत त्याला. चहाला 'ते… ते…' करून कपाकडं बोट दाखवतो. व्यायाम सांगितलाय: रोज एक अख्खं वाक्य, न थांबता म्हणायचं. अर्चना त्याच्यासमोर बोटं मोजत बसते.

दोन्ही तळहात पूर्ण सोललेत, आता खपली धरलीय. हातमोजे घातले असते तर एवढं झालंच नसतं. हातमोजे घे म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. मला हार घालायचं सुचलं.

२६ जाने.
लासूरला जाऊन आले. आईनं हेल्मेट देवघरात ठेवलंय, अन्नपूर्णेच्या शेजारी. बाहेरून डावीकडं घासलंय, काच गेलीय. त्यावर कुंकू. मी आत गेले तर आई म्हणली, "सुमे, हात जोड त्याला." जोडले. आणखी काय करणार होते मी.

मग अर्चनानं चहा देता देता सांगितलं. तिचा भाऊ गणेश, सोयगावचा. नवीन गाडी घेतलीय, बुलेट. शिवरात्रीच्या आधी इकडं येणार, संदूला बघायला. "अक्का, ते हेल्मेट मी गणेशला देणारे. काच बसवून घेईल तो. दोघांना वाचवलं त्यानं, आता माझ्या भावाला पण राखील." आई म्हणली, "दे बाई. अशी वस्तू घरात बंद करून ठिवू नाय, फिरती असावी."

मी कप खाली ठेवला. बोलायचं होतं तिथंच. संदू समोर बसून 'आज… मी… भाकरी…' करत होता. चौथ्या शब्दाला अडकला, हसला माझ्याकडं बघून. नाही बोलले. बसस्टँडवर येऊन स्वतःला शिव्या दिल्या.

२८ जाने.
चाचांकडं गेले. ओळखलं त्यांनी. "काच बराबर बैठी ना?"

विचारलं, समजा कुणी वापरलंच पडलेलं हेल्मेट, तर काय होईल?

त्यांनी हातातलं काम ठेवलं. "मार हेल्मेट खाता, ताई, सर नहीं खाता. अंदर का जो सफेद रहता, वो दबता, उसमें मार मर जाता. दबा हुआ फिर कैसे दबेगा?" मग थांबून म्हणले, "किसी को दिए क्या?"

नाही म्हणले. घरीच पडलंय. त्यांच्या तोंडावर खोटं बोलले, आणि त्यांनी पाणी दिलं ते प्याले.

१ फेब्रु.
ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणले, "तुला कुठं माहीत होतं."
मी म्हणले, "चाचानं सांगितलं होतं की."
"दुकानदार सांगतच असतात. संदूला हे सांगून काय साधणार? त्याचा हात परत येणार का? अर्चना तोंड बघणार नाही तुझं. गणेशला नवीन आण चांगलं, म्हणावं ते फुटलंय, संपलं."

चुकीचं नाही बोलत. शहाणा माणूस असंच बोलतो. मला पण तसंच करावंसं वाटलं, तेवढ्यावर सुटका.

गणेशला फोन केला. म्हणले, बाबा, तुझ्यासाठी नवीन आणते, जुनं कशाला. म्हणतो कसा, "नाय अक्का, नवीनमधी ती बरकत कुठं. मला तेच पाहिजे. ताईनं कबूल केलंय."

बरकत. मीच पसरवलेला रोग.

८ फेब्रु., रविवार
जसं झालं तसं लिहिते.

लासूरला सकाळच्या रेल्वेनं गेले. गणेशसाठी नवीन हेल्मेट, हातमोजे. चाचांकडूनच घेतले. गणेश आधीच आलेला, ओट्यावर संदूजवळ. पोरगं गोड आहे, पंचवीसचं असेल. नवीन बघून म्हणला, "भारीये अक्का, पण हे मी शेतात जाताना घालीन. रोडला ते." अर्चनानं देवघरातून ते आणलं. आई कुंकवाची कोयरी घेऊन उठली.

म्हणले, थांबा. ते फुटलंय. बाद झालंय.
आई म्हणली, "फुटू दी. फुटून पण राखलं की त्यानं."
गणेश काच बघायला लागला. "एवढंच हे, बसवून घेतो." आणि डोक्याशी नेलं.

मी हिसकावलंच त्याच्या हातून. अर्चनाकडं कात्री मागितली. ओट्यावर बसून टीप उसवायला घेतली. माझीच टीप, बारीक, पक्की. एरवी मी डोळे मिटून उसवते, आज एकेक टाका बघून कापला. सगळे बघायला लागले. कापड बाजूला केलं. कप खाली पडला.

अर्चनानं उचलला. "अगं बाई, हा तर ब्लाऊजचा कप. हा कसा आला ह्यात?"
मी म्हणले, "मी घातलाय."

संदूनं डावा हात पुढं केला. मी हेल्मेट दिलं. उलटं करून मांडीवर घेतलं त्यानं, खड्ड्यात अंगठा घातला. मी घातला होता तेव्हा पेरापर्यंत जात होता, आता जाऊन बाहेरच्या टरफलाला टेकला. कंपनीत क्वालिटीलाच आहे तो, रोज हेच काम, माल हातात घेऊन दोष काढायचा. त्याला सांगायला लागत नाही.

"हे… आधी? की… माझ्या…"

तुझ्या पडण्यानं झालं, म्हणता आलं असतं. कुणी खोटं पाडलं नसतं. कप मात्र अर्चनाच्या हातात होता.

"आधीचं," म्हणले. "दाजींच्या पडण्यातलं. मी भरून शिवलं वरून."

गणेश उठून अंगणात गाडीपाशी गेला. आई म्हणली, "म्हंजी? म्हंजी काय झालं गं?"

संदू माझ्याकडं बघत राहिला. तोंड हलायला लागलं. "तुला… तुला, अक्का… म्हा…" अडकला. परत "तुला…" कपाळावर घाम. शब्द सापडेना. मला सापडला होता, पण मी त्याच्या तोंडात घातला नाही. त्याचं वाक्य मी कशाला पूर्ण करू, असं मनाला सांगितलं. खरं तर भ्याले. अर्चना उठली, म्हणली, "बास आता, गोळीची वेळ झाली." आत नेलं त्याला. माझ्याकडं बघितलं नाही.

गणेश जाताना नवीन हेल्मेट घालून गेला. पट्टा त्यानं स्वतः लावला. हातमोजे पण घातले. तेवढं एक बरं झालं.

९ फेब्रु.
फोन नाही. ब्लाऊज दोन झाले. पॅडेड होते, कप घालवेनात. बाईला सांगितलं साधे शिवते. ती म्हणली, मग दुसरीकडं टाकते. टाक म्हणले.

१० फेब्रु.
आईचा फोन. अर्चना बोलत नाही आईशीसुद्धा, देवघर धुऊन काढलंय तिनं. "सुमे, काय करून बसलीस गं," एवढंच म्हणली आणि ठेवला. दोन्ही लेकरं तिचीच, बिचारी कुणाकडून बोलणार. मला वाटलं होतं सांगितलं की हलकं वाटेल. हलकं बिलकं काही नाही.

११ फेब्रु., बुधवार
खिळ्यावरचं हेल्मेट काढलं. रिळं डब्यात टाकली. आतून बघितलं, उजेडात धरून, सगळीकडं अंगठा फिरवला. कुठं दबलेलं नाही. ओल्या फडक्यानं पुसून पिशवीत ठेवलं. त्याचं त्याला द्यायचंय. तो परत गाडीवर बसेल न बसेल.

दुपारी साडेतीनला फोन वाजला. नाव संदूचं. आधी नुसता श्वास. मागून अर्चना हळूच मोजताना ऐकू आली, एक, दोन. मग तो बोलला, सलग, न थांबता, एक शब्द इकडंतिकडं नाही.

"अक्का, तुला म्हाईत होतं का?"

तीन दिवस हेच घोकत बसला असणार.

मशीन चालू होतं, पाय काढला.

"व्हय," म्हणले. "चाचानं सांगितलं होतं. मी ऐकलं नाय."

तिकडून काही आलं नाही. फोन ठेवला नव्हता त्यानं. बोलायला वेळ लागतो त्याला हल्ली, म्हणून मी कानाला धरूनच बसले. शेजारी पिशवी.

किती वेळ ते बघितलं नाही. मग अर्चना बोलली, "अक्का, ते आत गेले," आणि ठेवला.

रविवारी शिवरात्र आहे. सकाळची रेल्वे आहे.