एक पाटा कमी

अण्णा, गेल्या आठवड्यात मी बावीस वर्षांनी पाट्यांना हात लावला. जुन्या जालन्यातलं आपलं दुकान आता भाऊ चालवतो. ट्रकच्या चाकांवर भार झेलणाऱ्या पोलादी पाट्यांचंच काम, तोच दिवसभराचा ठणठणाट. त्याची पोरगी एकवीस वर्षांची झाली आणि तिला मातीवरच्या शर्यतीत जीप पळवायची होती. बदनापूरजवळ कापूस निघालेल्या एका रानात गोल रस्ता आखला होता, सगळी वळणं डाव्या हाताची. भावाचा फोन आला, "तिच्या गाडीची मागची बाजू तू बसव." ज्याचा पाय माझ्या हातानं अधू झाला, तोच हे सांगत होता.

तो दिवस तुम्हाला माहीत आहे, तरी मला तो लिहायचाच आहे. केदारखेड्याच्या माळावर अशीच शर्यत होती. भावाची जीप वळणावर झुकायची, म्हणून मी तुम्हाला न विचारता मागच्या दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. आपल्या दुकानात दुसरं काय शिकले होते मी? सळयांचा ट्रक मागं बसला, पाटा वाढव. गाडी एका अंगावर कलली, पाटा वाढव. जीप वळणावर ताठ उभी राहिली म्हणजे भाऊ सुखरूप, एवढाच माझा हिशोब. पण ती ताठ राहिली नाही, दगड झाली. चाकोऱ्या लागल्या तशी मागची चाकं उडायला लागली, दुसऱ्या वळणावर शेपूट फिरून पुढं आलं आणि गाडी बांधावर आदळून उलटली. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर तुम्ही मला म्हणालात, "तू गाडीला इचारलं न्हाई. मनानंच ठरवलं." पुढं कित्येक वर्षं मी हे वाक्य झोपेतून उठल्याबरोबर ऐकलं आहे.

महिन्याभरानंतरची दुपार. मी चुलीपुढं भाकरी थापते आहे, तुम्ही हात धुऊन पाटावर बसता. काळ्या झालेल्या नखांनी भाकरीचा पापुद्रा सोलता आणि माझ्याकडं न बघता म्हणता, "उद्यापासून दुकानात ये." मी म्हणते, "मी न्हाई येत." तुम्ही दुसऱ्यांदा विचारत नाही. ठेचा वाढून घेता, जेवता आणि जाता. मला वाटलं, तुम्ही भांडणाचं उरलेलं अर्धं मला दुकानात ऐकवणार आहात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी बियाण्यांच्या गोदामात नोंदी लिहायची नोकरी धरली आणि दुकानाची गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं जायला लागले.

तर भावाला मी विचारलं, "तू का बसवत न्हाईस? रोज तेच तर करतो."

"ट्रकमधी माझं कोण बसतं? पोरीच्या गाडीला हात लावायची हिंमत न्हाई होत माझी. तू एकदा चुकलीस, तू दहादा बघशील."

मी दुकानात गेले. जीप जुनी, आधीच्या मालकानं माल वाहायला पाटे वाढवून ठेवलेले. भाची म्हणाली, "आत्या, अजून एक टाक. पोरं म्हणत्यात, वळणावर गाडी बिलकुल झुकली न्हाई पायजे." मी टाकला नाही. तुम्ही ट्रकचा भार बघायला करायचात तसे ओल्या मातीचे गोळे केले, मागच्या चाकांना जोडणाऱ्या धुऱ्यावर दोन्हीकडं चेसिसच्या बरोबर खाली बसवले आणि तिला म्हणाले, "गावाबाहेरच्या रानातल्या चाकोऱ्यांवरून दोन चकरा मारून ये." गोळे जसेच्या तसे परत आले. म्हणजे पाटे हललेच नव्हते, धक्का लागला की सबंध चाकच जमीन सोडत होतं. दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढला. या खेपेला गोळे दबले, पण गाडी डुलत राहिली, म्हणून दमलेले शॉकअप बदलले. तिसऱ्या खेपेला गोळे अंगठ्याएवढे जाड उरले होते. पाटे पुरते चालत होते आणि लोखंडाला लोखंड लागत नव्हतं. भाची खाली उतरली ती हसतच. "आत्या, झुकून राह्यली थोडी, पण मागचं चाक जमीन सोडत न्हाई आता!"

पाटे धुऱ्याला बांधणारे यू-बोल्ट मी आवळताना भाऊ शेजारी बसून पाने देत होता. सहज बोलावं तसं तो म्हणाला, "अण्णा दवाखान्यात मला तुझ्याबद्दल म्हणले होते, पोरीचं काय चुकलं, तिला मी भारच शिकवला, पळणं न्हाई शिकवलं. मलाच येत नव्हतं, म्हणले."

मी पाना खाली ठेवला. "आन् हे तू मला बावीस वर्षांनी सांगतो?"

"मला वाटलं, तुला त्यांनीच सांगितलं असंल. त्याच्यासाठीच तर घरी आल्ते ना, दुकानात बोलवायला?"

मी तिथंच तेलकट फरशीवर बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. उन्हातून सावलीत आल्यावर वाटतं तसं वाटलं. अण्णा, तुम्ही माफी मागायला बसला होतात आणि मी तुम्हाला भाकरी वाढून वाटेला लावलं.

रविवारी शर्यतीत भाची चौथी आली. धुळीनं माखलेली जीप चारही चाकांवर उभी राहिली तेव्हा भाऊ लंगडत तिच्याकडं निघाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याची चाल नीट बघता आली. त्यानं पोरीला आधी शिव्या घातल्या, मग मिठी मारली. मला म्हणाला, "सोमवारपासून गोदामातून सुटलीस की येत जा." मी हो म्हणाले.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. वळणावर गाडी कशी दिसत होती, असं आता सगळे मला विचारतात आणि मी हातवारे करून सांगते, मागचं चाक कसं चिकटून फिरलं, माती कशी उडाली. खरं म्हणजे ते वळण आलं की प्रत्येक फेरीला मी डोळे मिटून घेत होते.